गाळ हा कचरा नव्हे

बेंगळुरूतल्या एखाद्या तळ्याच्या पुनरुज्जीवनाचा विषय निघाला की दोन मतं हमखास पुढे येतात. एक, तळ्यातला गाळ म्हणजे घाण, तो उपसून शहराबाहेर कुठेतरी टाकून द्यावा. दोन, तळं जितकं खोल खणाल तितकं पाणी जास्त साठेल. कंत्राटदार हे बोलतात, तळ्याकाठच्या सोसायट्यांमधले रहिवासी बोलतात आणि इथे नोकरीधंद्यासाठी आलेली आपली मराठी माणसंही तेच बोलतात. ही दोन्ही मतं चुकीची आहेत. बारमाही नदी नसलेल्या मुलखात पाण्याने वाहून आणलेली माती पाण्याइतकीच मोलाची असते, आणि तिला राडारोड्याच्या भावात घालवणं हा अपराध आहे.

आधी विरोधी पक्षाचं खरं तेवढं मान्य करू. गाळ साचला की तळ्याची साठवण घटते, पावसाळ्यात पाणी वस्तीत शिरतं, हे नाकारता येत नाही. शहरातल्या गाळाला दुर्गंधी असते, त्यात विषारी द्रव्यंही असू शकतात, हेही खरं. शिवाय मातीचा थोडाफार अभ्यास असलेले सांगतात की कोरड्या प्रदेशातली गाळाची माती मुळातच निकस. तिच्यात सेंद्रिय अंश कमी, नत्र कमी, खाली चुनखडीचा थर, आणि निचरा बिघडला की वर क्षार फुटतात. शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो, म्हणून तोच आधी घेऊ.

वाळवंटी गाळमातीतल्या या उणिवा खऱ्या आहेत, पण तेवढ्यावरून ती निरुपयोगी ठरत नाही. ती खोल असते, नांगराला हलकी असते, आणि तिला सर्वांत मोठी वाण असते ती ओलीची. जैसलमेर भागात पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी हे ओळखलं. खडकाळ उतारावरून वाहणारं पावसाचं पाणी त्यांनी सखल जागी लांब बांध घालून अडवलं. पाण्याबरोबर आलेला बारीक गाळ वर्षानुवर्षं तिथे बसत गेला. पाणी जिरलं की त्याच ओलीवर गहू आणि हरभरा. या खडीन शेतीत आजही पीक निघतं, तेही अशा जिल्ह्यात जिथे वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस धड पडत नाही. तिकडे हनुमानगड-गंगानगर भागात घग्गरच्या कोरड्या पात्राला नाली म्हणतात. तिथल्या चिकण गाळात पाणी मिळालं की भात होतो. वाळवंटात भात! तेव्हा निकस कोण, माती की आपली दृष्टी?

उलट उदाहरण इजिप्तचं. 1970 साली अस्वानचं मोठं धरण पुरं झालं आणि नाईलचा गाळ धरणामागेच अडकून पडला. वीज मिळाली, पूर थांबले, हा लाभ मोठाच होता. पण दरवर्षी फुकट येणारी माती बंद झाली. शेतीची भिस्त रासायनिक खतांवर गेली, त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजू लागला आणि वीटभट्ट्यांना नवा गाळ मिळेना, तेव्हा त्या शेतांचीच वरची माती खरवडू लागल्या. गाळाची किंमत त्या देशाला तो थांबल्यावर कळली.

आता बेंगळुरूकडे या. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर, पाणलोटाच्या माथ्यावर वसलेलं. खाली पुरातन पट्टिताश्म खडक, वर त्यापासून झालेली तांबडी माती. हे वाळवंट नव्हे, पण कोलार आणि चिक्कबळ्ळापूरकडे निघालात की कोरडवाहू मुलूखच लागतो. इथल्या लोकांनी दऱ्यांना बांध घालून एकाखाली एक केरे, म्हणजे तळी, बांधली. वरचं भरलं की पाणी खालच्यात. तूब, म्हणजे बांधातली मोरी, उघडून कोणाच्या शेताला किती पाणी द्यायचं हे नीरगंटी ठरवायचा, आणि उन्हाळ्यात केरे आटलं की शेतकरी गाड्या भरभरून गाळ रानात नेऊन टाकायचे. तळं रिकामं करणं आणि शेत भरणं हे एकच काम होतं.

आटलेल्या तळ्यात उतरून पाहा. ओढा जिथे आत शिरतो तिथे पायाखाली भरड वाळू लागते, मूठ आवळून सोडली तर ती फिसकटते. बांधाकडे चालत गेलं की माती बारीक होत जाते. बांधाच्या पोटाशी जमीन भेगाळून तिच्या खापऱ्या झालेल्या असतात. त्यातलं ढेकूळ ओलं करून तळहातावर वळलं तर त्याची लांब, न तुटणारी वळी होते. सुपाने धान्य पाखडावं तशी पाण्याने माती निवडून ठेवलेली असते. म्हणजे गाळ सगळा एकजात नसतो, आणि त्याचा उपयोगही एक नसतो. तोंडाकडची वाळू भरावाला, मधला पोयटा शेताला, बांधाकडची चिकणमाती कुंभाराला आणि वीटभट्टीला. कोलार जिल्ह्यातलं मालूर वीट-कौलांसाठी प्रसिद्ध आहे ते अशाच चिकणमातीच्या जोरावर.

तांबड्या जमिनीत पाणी ठरत नाही. पावसाने दडी मारली की नाचणी लगेच माना टाकते. या जमिनीत बारीक गाळ मिसळला की ओल अधिक दिवस टिकते, खतही धुपून जात नाही. महाराष्ट्राने 2017 मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली आणि तेलंगणाने 2015 मध्ये 'मिशन काकतीय' सुरू केलं, ते याच तत्त्वावर. अर्थात भारी काळ्या रानात आणखी चिकण गाळ टाकणं हा शहाणपणा नव्हे, निचरा आणखी बिघडतो. गाळ शोभतो तो मुरमाड, हलक्या जमिनीत.

राहिला विषाचा मुद्दा. बेळ्ळंदूर तळ्यावर फेस आला, आग लागली, हे साऱ्या देशाने पाहिलं. ज्या तळ्यात वर्षानुवर्षं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी आलं, तिथला गाळ तपासल्याविना शेतात नेऊ नये, यात दुमत नाही. शिसं, कॅडमियम, क्रोमियम हे धातू बारीक कणांनाच चिकटतात, म्हणजे शेताला हवा तोच अंश जास्त दूषित असतो. पण यातून निष्कर्ष काय निघतो? गाळ तपासा, हा. सगळा फेकून द्या, हा नव्हे. उलट विषारी गाळ न तपासता एखाद्या खाणीच्या खड्ड्यात ओतला तर तिथल्या विहिरी नासतील. म्हणजे फेकणाऱ्यांचा युक्तिवाद त्यांच्याच अंगावर उलटतो.

खोल खणण्याचा हट्टही असाच. यंत्राने काठ उभे कापून तळ्याचा हौद केला की उथळ कडा नाहीशा होतात. पाणकणीस उगवतं, पाणथळीतले पक्षी चरतात, पाणी स्वच्छ होतं ते या कडांवरच. जक्कूर तळ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून आलेलं पाणी पाणथळीतून पुढे सोडतात, ते उगाच नव्हे.

मग करायचं काय? निविदा काढण्याआधी तळ्याच्या तोंडाकडचे, मधले आणि बांधाकडचे नमुने वेगवेगळ्या खोलीवरून तपासावेत. हेब्बाळला राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, जीकेव्हीकेला कृषी विद्यापीठ आहे, तेव्हा ज्ञानासाठी शहराबाहेर जावं लागत नाही. निर्दोष पोयटा शेतकऱ्याला द्यावा, चिकणमाती भट्टीला, आणि दूषित गाळ अस्तर घातलेल्या सुरक्षित जागी. कंत्राटदाराचं बिल उपसलेल्या घनमीटरवर निघू नये, गाळ ठरल्या जागी पोचल्याच्या पावतीवर निघावं. वाहतुकीचा भार शहराने उचलावा, कारण तळं रिकामं होण्याचा फायदा शहराचाच आहे. 2018 पासून बेंगळुरूचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोलारच्या तळ्यांत जातं. वापरलेलं पाणी पंपाने लांब पोचवता येतं, तर चांगली माती ट्रकने का पोचवता येऊ नये?

शेकडो वर्षांत घडलेली बोटभर माती पावसाने आपल्या दारात आणून ठेवली आहे. तिची तपासणी, प्रतवारी आणि वाटप ही तळ्याच्या प्रत्येक कामाची अट असली पाहिजे. ज्या आराखड्यात ती अट नाही, त्याला नागरिकांनी संमती देऊ नये.