सव्वा महिना कुणाला परवडतो?

बाळंतिणीने सव्वा महिना जपून राहावे, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. अंग चोळणे, शेकशेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, घरच्या म्हाताऱ्यांना सारे तोंडपाठ. पण तुमच्याच गावात जरा नजर टाका. हा सव्वा महिना मिळतो कुणाला? घरात दाणागोटा असेल त्यांच्या लेकी-सुनांना. जिचे पोट रोजच्या मजुरीवर, तिच्या हातात त्याआधीच खुरपे येते.

ही रीत आपल्या एकट्याची नाही. चीनमध्ये बाळंतीण ‘महिना बसते’. कोरियात एकवीस दिवस जपतात, समुद्री शेवाळाचे सूप पाजतात. मेक्सिकोत तर या काळाचे नावच ‘चाळीस दिवस’ अशा अर्थाचे आहे. याला कारणही तसेच आहे. गर्भपिशवी मूळच्या आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. त्याआधी ओझी उचलली की अंग बाहेर येण्याचे दुखणे मागे लागू शकते.

कायद्यानेही हेच मानले. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर ठेवण्यास मनाई केली. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांवर नेली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. पण रजा देणार कोण? शेतमजूर बाईला हजेरीपट असलेला मालकच नाही. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल दोघांच्या नावावर असते. बाई बसली की खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,००० रुपये मिळतात. दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये. बुडालेल्या मजुरीची भरपाई हा योजनेचा एक हेतू. आता हिशेब करा. चाळीस दिवसांवर ५,००० रुपये वाटले तर रोजचे १२५ पडतात. २०२४-२५ साली रोजगार हमीचा दर २९७ रुपये होता. म्हणजे ही रक्कम झाली सतरा दिवसांच्या मजुरीएवढी. उरलेले तेवीस दिवस कुणी भरायचे?

रीत जपायची म्हणजे तिच्यातले सगळेच जपायचे असे नव्हे. कोंदट खोली, शेगडीचा धूर, पाणी तोडणे, बाळाला पहिला चीक न देणे, हे सोडलेच पाहिजे. विसावा, पोटभर जेवण आणि हाताखाली माणूस, हे मात्र सोडू नका.

गावपातळीवर करण्यासारखे बरेच आहे. आशाताईने तिसऱ्या दिवसापासून बेचाळीसाव्या दिवसापर्यंत घरी भेटी द्यायच्या असतात. त्या होतात का, हे सरपंचांनी विचारावे. जन्माची नोंद २१ दिवसांत झाली पाहिजे, कारण योजनेच्या पुढच्या हप्त्याला ती लागते. तोडीला गेलेल्या कुटुंबातली बाळंतीण अंगणवाडीच्या यादीतून सुटते. ती ज्या गावच्या शिवारात उतरली, तिथल्या अंगणवाडीने तिला आहार द्यावा, यासाठी दोन्ही गावच्या कारभाऱ्यांनी एकमेकांना कळवावे. त्याला खर्च नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, तुमच्या बांधावर कामाला येणारी बाई बाळंत झाली, तर तिचा रोज बुडतो तेव्हा पायली-दोन पायली ज्वारी तिच्या घरी धाडा. गाय व्यायली की आपण तिला जुंपत नाही, खुराक वाढवतो. बाईमाणसाच्या बाबतीत एवढा तरी विचार व्हावा.