वैद्यकीय ग्रंथालये: बिल सरकारचे, हित कोणाचे?

जून २००१ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या दम्याविषयीच्या एका प्रयोगात एक निरोगी तरुण स्वयंसेविका मृत्यू पावली. तिला हुंगावयास दिलेल्या हेक्झामेथोनियम या औषधाने फुप्फुसांना इजा होते, हे १९५० च्या दशकातील वैद्यकीय लेखांत नमूद होते. ज्ञान ग्रंथालयात होते. ते वेळेवर शोधले गेले नाही. वैद्यकीय ग्रंथालय ही चैनीची बाब नाही, हे सांगण्यास याहून दारुण दाखला नको.

आपल्याकडे केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेस मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मोजून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण संस्थांना व केंद्रीय संशोधनसंस्थांना उपलब्ध करून देण्याची ही योजना आहे. एकत्रित खरेदीने सौदाशक्ती वाढते, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु या व्यवहाराचे अर्थशास्त्र तपासणे अगत्याचे आहे. संशोधनाचा मोठा भाग जनतेच्या पैशातून होतो. लेख संशोधक लिहितात, परीक्षण अन्य संशोधक करतात. प्रकाशक सहसा त्यांना छदामही देत नाही. तोच लेख जनतेने पुन्हा विकत घ्यावयाचा! एका नियतकालिकाची उणीव दुसरे भरून काढू शकत नसल्याने ग्राहकास पर्याय उरत नाही. या मक्तेदारीस योजनेने हात लावलेला नाही. छापील अंक निदान कपाटात राहत असे. आता वर्गणी थांबली की दारच बंद होऊ शकते.

शिवाय नियतकालिके आली तरी त्यांतून नेमके उत्तर शोधणार कोण? ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांची नोंद ठेवणारा कारकून नव्हे. योग्य संज्ञा योजून शोध घेणे, पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके ओळखणे, हे प्रशिक्षित कौशल्य आहे. ती जागा रिकामी ठेवून किंवा अल्प वेतनाच्या कंत्राटावर भागवून होणाऱ्या काटकसरीची किंमत अखेर रुग्णच चुकवतो. आणि शासकीय रुग्णालयात येणारा रुग्ण प्रामुख्याने कष्टकरीच असतो.

म्हणून ग्रंथालयांतील रिक्त पदे कायम स्वरूपात भरावीत, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरलाही या योजनेत सामावून घ्यावे, आणि जनतेच्या पैशातून झालेले संशोधन जनतेस विनामूल्य खुले करावे, या मागण्यांसाठी आरोग्य चळवळीने व कर्मचारी संघटनांनी एकत्र उभे राहिले पाहिजे. ज्ञान समाजाने निर्माण केले आहे; त्यावर हक्कही समाजाचाच असला पाहिजे.