चाकांवरचे घर थांबते तेव्हा

अमेरिकेत घर विकून कायमचे मोटारघरात राहणारी माणसे आहेत. कुणी हौसेने, तर कुणी घरभाडे परवडेना म्हणून. 2020 सालच्या 'नोमॅडलँड' चित्रपटाने ती आपल्यालाही दाखवली. करोनाकाळात ही लाट उसळली. 2021 मध्ये तिथल्या कारखान्यांतून अशी सहा लाखांवर वाहने बाहेर पडली. 2023 मध्ये जेमतेम तीन लाख तेरा हजार.

बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना मी एक गोष्ट शिकलो : जमिनीचे मोल बहुधा चढते, वाहनाला घसारा लागतो. इथे तर राहत्या घरालाच घसारा! छत गळते, टायर न झिजताही म्हातारे होतात, आणि दुरुस्ती निघाली की घरच गॅरेजात जाते. तोवर गुडघे कुरकुरू लागतात, नातवंडे हजार मैलांवर वाढत असतात.

1978 साली स्थापन झालेल्या 'एस्केपीज' या भटक्यांच्या क्लबाने टेक्सासमधील लिव्हिंग्स्टनला थकलेल्यांसाठी केंद्र काढले. गाडी तिथे उभी करायची, राहायचे तिच्यातच. जेवणखाण, मदत केंद्राची. मला हे शहाणपणाचे वाटते.

कर्ज देताना आम्ही आधी विचारायचो, परतफेड कशी करणार? घर विकून निघणाऱ्यानेही स्वतःला विचारावे : परतायचे कुठे, आणि कोणत्या पैशांनी?