पत्र आले, सहपत्रे राहिली

२०२३ सालच्या भीमजयंतीची गोष्ट. मिरवणुकीतल्या एलईडी पडद्यासाठी आमच्या वस्तीतल्या एका मुलाने हलत्या अक्षरांची आणि फोटोंची चित्रफीत केली. संगणक मित्राचा, काम होताच परत दिलेला. तेरा तारखेच्या रात्री लक्षात आले की, दिवंगत कार्यकर्त्याचे नाव चुकले आहे. मुलाने पेनड्राइव्हवरची मूळ फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली, तर फोटोंच्या जागी नुसते रंगीत पट्टे आणि अक्षरांचे वळण भलतेच! शेवटी चुकीच्याच नावाची चित्रफीत लावावी लागली. त्या कार्यकर्त्याच्या पत्नी पडद्यासमोर उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण मुलाची मान वर झाली नाही.

मेहनत कमी पडली नव्हती. मांडणी कमी पडली होती.

मी पेशाने कारकून. कार्यालयात पत्र येते, खाली लिहिलेले असते ‘सहपत्रे चार’ आणि पाकिटात एकही नसते. आफ्टर इफेक्ट्सची फाइल अशीच असते. हे साधन १९९३ साली निघाले, आणि आज गल्लीतली मुलेही ते चालवतात. त्या फाइलमध्ये फोटो, आवाज किंवा चित्रफिती नसतात. त्या कुठे ठेवल्या आहेत याचा फक्त पत्ता असतो. जागा बदलली की पत्ता खोटा ठरतो.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक कामाची एक नस्ती, म्हणजे एक फोल्डर करावे. त्यात फोटो, आवाज, फॉण्ट, मूळ फाइल आणि तयार चित्रफीत असे पाच कप्पे असावेत. फोटो थेट मोबाइलवरून किंवा पेनड्राइव्हवरून कामात ओढू नयेत. आधी कप्प्यात ठेवावेत, मग घ्यावेत. काम संपल्यावर ‘कलेक्ट फाइल्स’ ही आज्ञा द्यावी. ती वापरलेले सर्व साहित्य एका जागी गोळा करते आणि लागणाऱ्या फॉण्टची यादीही देते. फॉण्ट मात्र आपण स्वतः जपावेत.

नावात ‘अंतिम’, ‘नवी अंतिम’, ‘खरी अंतिम’ असे लिहू नये. आधी साल, महिना, तारीख, मग कामाचे नाव आणि शेवटी ०१, ०२ असा क्रमांक द्यावा. आवक-जावक वहीत क्रमांक असतो, तो उगाच नाही.

आता पूर्वदर्शन. दहा सेकंदांच्या कामात, सेकंदाला २५ प्रमाणे, २५० चित्रे असतात. जुन्या संगणकावर ती अडखळतात. तेव्हा पाहण्यापुरता दर्जा अर्धा करावा. १९२० बाय १०८० चे चित्र ९६० बाय ५४० होते, म्हणजे भार चौथ्या हिश्शावर येतो. शिवाय प्रत्येक क्रमांकाची एक हलकी चित्रफीत त्याच नावाने शेजारी ठेवावी. मूळ फाइल न उघडता आत काय आहे ते कळते, आणि ती मोबाइलवर घरच्यांना पाठवता येते. नावे त्यांच्याकडूनच तपासून घ्यावीत. त्या वर्षी हे केले असते, तर चूक चार दिवस आधी सापडली असती.

आपल्याच नागपूरचे वसंत मून यांचे काम आठवा. बाबासाहेबांच्या अप्रकाशित लिखाणातली सुटी पाने, अपुरी प्रकरणे लावता लावता संपादकांची वर्षे गेली. १९७९ साली पहिला खंड निघाला आणि पुढचे निघत राहिले. कागद नुसता उरून भागत नाही, तो लावावा लागतो. आपल्या मुलांचे काम आज कागदावर नाही, एवढाच फरक.

तो मुलगा आता लग्नाच्या आणि जयंतीच्या चित्रफिती करून घराला हातभार लावतो. प्रत्येक फोल्डरमध्ये त्याने एक साधा कागद ठेवला आहे: कोणाचे काम, कोणती नावे, कोणी तपासली. सर्वांत वरच्या ओळीत त्या कार्यकर्त्याचे नाव आहे, अचूक लिहिलेले.