जुने घ्यावे, पण पारखून

बाजारातून नवी वस्तू आणणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. जुनी वस्तू आणणारा मात्र ओशाळतो, ती झाकून घरी नेतो. ही लाज आम्हांला अनाठायी वाटते. आपल्या बेळगाव-खानापूर भागात जुने वापरणे हा कधीच कमीपणा नव्हता. आजीच्या लुगड्याची वाकळ होई आणि वाकळ विरली की तिचे पायपुसणे होई. बोहारीण दारात आली की जुन्या कपड्यांवर पातेले मिळे. पडलेल्या घराची कौले, वासे आणि सागवानी दारे दुसऱ्या घराला लागत. घर मोडले तरी सामान मोडीत निघत नसे.

आता मोडकी खुर्ची बांधावर, फुटकी बादली ओढ्यात आणि उरलेले प्लास्टिक परसातल्या आगीत जाते. तो धूर आधी आपल्याच घरातल्या लहान मुलांच्या आणि दमेकऱ्यांच्या छातीत शिरतो. म्हणून लोखंडी खाट, लाकडी कपाट, शिवणयंत्र, पितळेची व स्टीलची भांडी अशा टिकाऊ वस्तू जुन्या मिळाल्या तर जरूर घ्याव्यात, दुरुस्त करून वापराव्यात आणि नको झाल्या की गरजूला द्याव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र शेतकऱ्याच्या घरात हीच काटकसर एके ठिकाणी जिवावर बेतू शकते. ते ठिकाण म्हणजे फवारणीचा रिकामा डबा. डबा चांगला जाड, झाकण घट्ट, टाकवत नाही. मग तो धुऊन त्यात रॉकेल, तेल, बियाणे, कधी पिण्याचे पाणीही ठेवले जाते. पिकावर मारायच्या विषाला आपण बोलताना ‘औषध’ म्हणतो, तिथूनच फसगत सुरू होते. वास गेला म्हणजे विष गेले असे नव्हे. प्लास्टिकच्या अंगात आणि झाकणाच्या आट्यांत ते मुरून राहते.

बिहारमधील सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतले दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेले असावे, असे त्या वेळी अधिकाऱ्यांनी सांगितले होते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ झाले.

तेव्हा फवारणीच्या दिवशीच पुढील काम उरकावे. डबा रिकामा होताच त्यात पाव भाग पाणी घालावे, झाकण लावून चांगला हलवावा आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे. असे तीनदा करावे. हातांत मोजे असावेत. नंतर डब्याला बुडाशी भोके पाडावीत, म्हणजे कोणाला त्याचा मोह होणार नाही. कीटकनाशकांविषयीच्या १९७१ च्या नियमांतही असे डबे पुन्हा वापरले जाऊ नयेत म्हणून उघड्यावर टाकू नयेत, ते मोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असे सांगितले आहे. डबे परत घेण्याची सोय असेल तर तेथे द्यावेत. विहिरीजवळ किंवा ओढ्यात टाकू नयेत आणि जाळू तर मुळीच नयेत. बाजारात जुना कॅन स्वस्त दिसला, पण त्यात आधी काय होते हे विकणारा सांगू शकत नसेल, तर तो फुकटही घेऊ नये.

इतर जुन्या वस्तूंची पारख सोपी आहे. तांब्या-पितळेचे भांडे घेतले तर आधी कल्हई करून घ्यावी. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, चिंच किंवा आमसुलाचा पदार्थ ठेवला तर तो कळकतो आणि पोटाला बाधतो. जुना प्रेशर कुकर घेतल्यास रबरी रिंग व सेफ्टी व्हॉल्व्ह नवे बसवावेत. गॅसची शेगडी जुनी चालेल, नळी मात्र नवीच हवी. गादी-उशीपेक्षा खाट घ्यावी. तीही कडक उन्हात ठेवून तिच्या सांध्यांत ढेकूण आहेत का ते पाहावे.

पाळणा आणि रंगीत लाकडी खेळणी यांबाबत विशेष जपावे. जुन्या रंगांत शिसे पुष्कळ असे. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या वस्तूचा रंग पोपडे धरत असेल तर ती मुलाला देऊ नये, कारण मूल हाती येईल ते तोंडात घालते. असा रंग घरात कोरडा घासूही नये; त्याची धूळ तितकीच वाईट.

शेवटी, ही जबाबदारी एकट्या घेणाऱ्याची नाही. जुनी वस्तू देताना किंवा विकताना तिच्यात काय ठेवले होते, कुठे तडा आहे, काय बिघडते, हे आपणहून सांगावे. गरिबाला दिले म्हणून काहीही चालते असे नाही. जे आपण आपल्या मुलाच्या हाती देणार नाही, ते दुसऱ्याच्याही मुलाच्या हाती देऊ नये.