कातळ कापला की झरा आटतो

राजापूर, लांजा, रत्नागिरी, देवगड या पट्ट्यातल्या कुठल्याही सड्यावर मे महिन्यात उभे राहिले, तर समोर काळवंडलेला कातळ दिसतो. सुकलेले गवत, एखाद-दुसरे करवंदीचे जाळे, बाकी काही नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा पोटखराबा म्हणून असते. लागवडीला निरुपयोगी, असा त्याचा महसुली अर्थ. चिरेखाण वाढवायची म्हटली की हाच शब्द मदतीला धावून येतो. पडीक कातळच तर आहे, चार चिरे काढले तर कोणाचे काय बिघडले?

बिघडते ते सड्याखालच्या वाडीचे. कारण हा पोटखराबा त्या वाडीची पाण्याची टाकी असतो.

कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. उताराची जमीन आणि जवळ आलेला समुद्र, त्यामुळे बहुतेक पाणी वाहूनच जाते. जे थोडे थांबते ते प्रामुख्याने जांभ्याच्या पोटात. जांभा वरून टणक असला तरी आतून नळ्यांचा आणि छिद्रांचा असतो. कातळाच्या भेगांतून मुरलेले पाणी या पोकळ थरात साठत खाली जाते. त्याखाली चिकणमातीचा थर असतो, तिथे ते अडते आणि आडवे सरकू लागते. सड्याच्या कडेला, डोंगर उतरू लागतो तिथे, ते झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. वाड्या नेमक्या या उतारावर वसल्या, विहिरी तिथेच खोदल्या गेल्या, पोफळीच्या बागाही तिथेच झाल्या. जुन्या माणसांनी भूजलशास्त्राचे पुस्तक वाचले नव्हते, पण पाणी कुठे येते हे त्यांना ठाऊक होते.

चिरेखाण नेमका हा साठवणीचा थर काढून नेते. खाण खोल गेली की आडवे सरकणारे पाणी झऱ्यापर्यंत न पोहोचता खाणीच्या भिंतीतूनच पाझरते. मग काम अडते म्हणून पंप लावून ते उपसले जाते. खाण चिकणमातीला लागली की पहिल्या मोठ्या पावसात ती माती वहाळात आणि खालच्या शेतात उतरते.

यावर खाणीच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास येतो. खड्ड्यात पावसाचे पाणी साठते, म्हणजे गावाला आयते तळेच मिळाले. ऐकायला बरे वाटते. पण उघड्यावरचे पाणी उन्हाने उडून जाते आणि खड्ड्याचा तळ गाळाने बसला की मुरणे जवळपास थांबते. दगडाच्या पोटातले पाणी सावलीत असते आणि महिनोन्‌महिने थोडेथोडे सुटत राहते. शिवाय सोडून दिलेल्या खाणींना बहुधा कुंपण नसते. उभ्या कापलेल्या भिंतींच्या त्या डोहांत माणसे आणि गुरे बुडतात, आणि साचलेल्या पाण्यात हिवतापाचा प्रसार करणाऱ्या डासांची पैदास होते.

आरोग्याचा विषय निघाला की विरोधकही कधीकधी वाहवत जातात. प्रत्येक खाणीच्या नावाने सिलिकोसिसचा धाक घालणे बरोबर नाही. तो आजार स्फटिकरूप सिलिका श्वासावाटे फुप्फुसात गेल्याने होतो आणि त्याचा धोका वालुकाश्म किंवा ग्रॅनाइटच्या खाणींत फार मोठा असतो. जांभा तयार होताना मूळ खडकातली बरीचशी सिलिका धुऊन जाते आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहतात. मूळ खडक कोणता होता, यावर उरलेल्या सिलिकेचे प्रमाण ठरते. पण म्हणून जांभ्याची धूळ निरुपद्रवी ठरत नाही. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक कण श्वसनमार्गात शिरतात, अडीच मायक्रॉनच्या आतले थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. दमा किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला ते कण कुठल्या दगडाचे आहेत याने फरक पडत नाही. पूर्वी माणूस टिकावाने चिरा काढायचा तेव्हा धूळ कमी आणि दिवसाचे कामही कमी. आता यंत्राचे गोल पाते कोरडेच फिरते. पाणी मारून कापले तर धूळ बसते, पण उन्हाळ्यात तेवढे पाणी आणायचे कुठून? या धुळीत सगळ्यात जवळ उभा असतो तो परजिल्ह्यातून किंवा परराज्यातून आलेला मजूर, बहुतेकदा तोंडाला रुमाल बांधून. खाणींचा हंगामही पावसाळ्यानंतरचा, म्हणजे आंब्याच्या मोहोराचाच. रस्त्याकडेच्या कलमांवर लाल थर बसलेला दिसतो. पानांची रंध्रे त्याने बुजतात, मोहोरही त्यातून सुटत नाही.

चिऱ्याला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. चिऱ्याचे घर उन्हाळ्यात थंड राहते, विटेसारखी भट्टी लावावी लागत नाही. ताजा जांभा मऊ असतो आणि हवा लागली की घट्ट होतो. केरळातल्या अंगाडीपुरम इथे हे पाहून फ्रान्सिस बुकानन यांनी 1807 मध्ये या दगडाला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून लॅटराइट हे नाव दिले. गावातल्या घरासाठी गावच्या खाणीतून चिरा निघणे ही शेकडो वर्षांची रीत आहे. आजचे प्रमाण त्या रीतीत बसत नाही. ट्रक घाट चढून जातात, फार्महाऊसच्या कुंपणांना चिरे लागतात, एका खाणीला खेटून दुसरी सुरू होते. जांभ्याचा थर बनायला लाखो वर्षे लागली. झाडे लावून खाण हिरवी दिसेल, तो थर परत येणार नाही.

आणि हा कातळ मेलेलाही नाही. जूनचे पहिले पाऊस झाले की त्यावर बोटभर मातीत कोकण दिपकाडीची पांढरी फुले उमलतात. कोकणपट्टीच्या या सड्यांखेरीज ती जगात फारशी कुठे आढळत नाही. पुढे सीतेची आसवे आणि गेंद यांचे निळे-पांढरे पट्टे पसरतात. याच कातळावर कोणे एके काळी माणसाने हत्ती, मासे, वाघ कोरले. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पांसह कोकणातली नऊ ठिकाणे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. ती माणसे कोण आणि नेमकी कधीची, याचा शोध अजून चालू आहे. यंत्राच्या पात्याला मात्र रेघ आणि दगड यांतला फरक कळत नाही.

कायद्यात वाट आहे, तिचा उपयोग होत नाही. पाच हेक्टरांपेक्षा लहान गौण खनिजाच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दीपककुमार प्रकरणात सांगितले. लहान तुकडे पाडून नियमातून सुटण्याची पळवाट बंद करणे हाच त्याचा हेतू होता. 2016 च्या अधिसूचनेने एकमेकांपासून 500 मीटरच्या आतल्या खाणींचा एकत्र समूह म्हणून विचार करायला सांगितले. माधव गाडगीळ यांच्या समितीने 2011 मध्येच पश्चिम घाटाच्या सर्वाधिक संवेदनशील भागात नव्या दगडखाणींना परवाने देऊ नयेत असे सुचवले होते. त्यानंतर कस्तुरीरंगन समिती आली आणि अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले. सहावा मसुदा 31 जुलै 2024 चा, वायनाडच्या भूस्खलनाच्या दुसऱ्या दिवशीचा.

म्हणून विस्ताराच्या प्रस्तावांना आज नकारच द्यायला हवा. पाण्याचा विचार करताना 500 मीटरचे वर्तुळही तोकडे पडते, कारण झऱ्याचे पाणी अख्ख्या सड्यावरून गोळा होते. एका सड्यावर किती खाणी आहेत आणि त्याच्या कडेने किती झरे निघतात, हे एकाच नकाशावर येईपर्यंत नवा गट खणायला देऊ नये. चालू खाणी चिकणमातीच्या बऱ्याच वर थांबवाव्यात, संपलेल्यांना आधी कुंपण घालावे.

झऱ्याचे मोजमाप तर गावालाच करता येते. पंधरा लिटरची बादली झऱ्याखाली धरायची आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर पाहायचे. ऑक्टोबरपासून मेपर्यंत दर पंधरवड्याला वहीत नोंद करायची. अशी दोन उन्हाळ्यांची वही ग्रामसभेच्या ठरावाला जोडली, तर जिल्हाधिकारी कार्यालयात पोटखराब्याच्या नोंदीसमोर ठेवायला गावाकडे स्वतःचा आकडा असेल.