झेंडूच्या माहेरी

ह्यूस्टनला भाचीकडे राहायला गेले की तिसऱ्या आठवड्यात मॉल आणि डिशवॉशर दोन्हींचा वीट येतो. मागच्या वेळी ऑक्टोबरअखेरीस तीच म्हणाली, "मावशी, वाहाकाला जाऊन येऊ. तुझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, मेक्सिकोचा वेगळा लागत नाही." स्पेलिंगमधला एक्स पाहून मी 'ओक्साका, ओक्साका' करत होते. उतरल्यावर टॅक्सीवाल्याने सुधारलं.

बाजारात शिरले आणि पहिला वास आला तो झेंडूचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात येतो, तोच. जुड्यांचे ढीग, त्यावर पाणी शिंपडणाऱ्या बायका. मग कळलं की फूल मुळात यांचंच, नाव सेंपासूचिल. आपण मात्र पिढ्यान्पिढ्या त्याची तोरणं बांधतोय, जणू ते पुराणातूनच आलंय! इथे ते मेलेल्यांसाठी. १ आणि २ नोव्हेंबरला पितर घरी येतात आणि या रंगाने, वासाने त्यांना वाट सापडते. घरोघरी फोटोंपुढे त्यांच्या आवडीचं खाणं मांडलेलं. आपण पितृपक्षात साधी साडीसुद्धा विकत घेत नाही. इथे रात्री कबरस्तानात मेणबत्त्या, गप्पा आणि चक्क बँड. मला हे जास्त पटलं.

वाहाका खरं कळतं ते स्वयंपाकातून. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळायचा. घरात पाटा-वरवंटा, फक्त पाट्याला तीन पाय. बाजाराजवळच्या मिना रस्त्यावर चॉकलेटच्या गिरण्या आहेत. कोको, बदाम, दालचिनी, साखर आपल्या प्रमाणात द्यायची आणि दळून घ्यायची. उन्हाळ्यात डंखावर मसाला कुटून घेताना आपल्या बायका जशा नजर हलवत नाहीत, तशाच इथल्या बायका उभ्या. आपल्यात दुसरीचं मिसळलं तर? 'मोले' म्हणजे मिरच्या, तीळ, मसाले वाटून केलेला दाट रस्सा. त्याचे सात प्रकार इथले म्हणून सांगतात. काळ्या मोलेत थोडं चॉकलेटही पडतं. त्लायुदा ही ताटाएवढी कडक मक्याची भाकरी. तिच्यावर डुकराची चरबी फासतात, तेव्हा शाकाहारी माणसाने आधी 'सिन असिएन्तो' म्हणावं. परतलेले नाकतोडे भाचीने खाल्ले. मी लिंबू तेवढं चाखलं.

खर्चाचं म्हणाल, तर विमानाचं तिकीट सोडून बोलू. पेसो तेव्हा साधारण साडेचार-पाच रुपयांचा होता. पण खरी मजा अशी की इथलं उत्तम ते बहुतेक फुकट किंवा बाजारभावात. सांतो दोमिंगो चर्चचं सोन्याने मढलेलं छत मान दुखेपर्यंत बघा, पैसे नाहीत. समोरच चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो यांनी १९८८ मध्ये उभारलेली ग्राफिक कलेची संस्था आणि ग्रंथालय, तेही सगळ्यांना खुलं. मुख्य चौकात मॅकडोनाल्ड्स येणार म्हटल्यावर २००२ मध्ये याच तोलेदोंनी लोकांना तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले मुटके, वाटून विरोध केला. दुकान काही आलं नाही. मोंते आल्बानला तिकीट आहे, पण अडीच हजार वर्षांपूर्वी झापोतेक लोकांनी डोंगरमाथा सपाट करून वसवलेलं शहर पाहायला ते द्यावंच.

एक टोचलं. भिंतींवर भाडेवाढीविरुद्ध घोषणा रंगवल्या आहेत. आपल्याला स्वस्त वाटतं म्हणून जो तो इथे येतो आणि मूळ राहणाऱ्याला तेच शहर महाग होतं. त्यामुळे आम्ही राहिलो एका आजींच्या घरच्या खोलीत आणि जेवलो बाजारात. त्याने काय फरक पडला असेल, देव जाणे.

शेवटच्या दिवशी तेहाते प्यायला थांबलो. मका आणि कोकोचं थंड पेय, वर पांढरा फेस, रंगवलेल्या तुंब्याच्या वाटीतून देतात. विकणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे पितर येतात का? मी म्हटलं, येतात, कावळा होऊन. भाचीने स्पॅनिशमध्ये सांगितलं. बाई अजिबात हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मग त्याला खायला काय ठेवता?"

"वरण-भात. वर तूप."

त्यांनी मान डोलावली आणि माझ्या वाटीत थोडा जास्तीचा फेस घातला.